घोडा का अडला?

लहानपणी ऐकलेलं कोडं आहे: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यानं. आमचे दादा वरातीला घोड्या द्यायचे, त्यामुळे आमच्या घरात हे कोडं कोणी हसण्यावारी नेत नसे. आषाढात लग्नं थांबली की घोड्या दावणीला, चंदी (दाणा) मात्र तीच. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की पहिल्याच वरातीत एखादी घोडी नवरदेवासकट मांडवाच्या उलट दिशेला निघायची.

मी मंचरजवळच्या एका वाडीत राहतो. वराती सोडून बरीच वर्षं झाली. आता लोक आपली ‘बिघडलेली’ घोडी माझ्याकडे आणून बांधतात. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली, तेव्हापासून घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बैलांपुढे पळणाऱ्या घोड्याही येऊ लागल्या. मालक दोर माझ्या हातात देताना हमखास म्हणतो, ‘जित्याची खोड आहे, जायची नाही.’ मी विचारतो, ‘घोडी असं करते, त्यानंतर लगेच तुम्ही काय करता?’ निम्मं दुखणं त्या उत्तरात सापडतं.

दादा नवं घोडं घोड नदीच्या वाळूत न्यायचे. वाळूत पाय रुततात, घोडं लवकर दमतं आणि स्वारानं आपटी खाल्ली तरी फार लागत नाही. घोडं उसळून उसळून थांबलं की दादा खाली उतरायचे, मानेवर थाप द्यायचे. दमवल्यानं घोडं शिकतं, असं ते शेवटपर्यंत म्हणत. मला पुढे कळलं की ते शिकत होतं दादांच्या उतरण्यानं. थांबलं की पाठीवरचं ओझं जातं, एवढंच त्यानं ध्यानात ठेवलेलं. घोडं दाबानं शिकत नाही. दाब सुटतो त्या क्षणी ते जे करत असतं, ते शिकतं. तुम्ही म्होरकी (तोंडावर बांधायची दोरी) घालायला गेलात, घोडीनं कान मागे पाडले, तुम्ही एक पाऊल मागे सरलात. झाला धडा. उद्या ती कान पाडेल, परवा दात दाखवेल.

अमेरिकेत या रीतीला नॅचरल हॉर्समनशिप म्हणतात. ओरेगॉनचे टॉम डॉरन्स आणि त्यांच्याकडून शिकलेले रे हंट ही गुरांमागे घोड्यावर हिंडणारी माणसं. घोडं मोडून काढण्यापेक्षा त्याला समजेल असं सांगावं, हा त्यांचा मार्ग. पोरानं मोबाईलवर दाखवलं तेव्हा मला दादांची वाळू आठवली. यातल्या ‘नॅचरल’ शब्दावर मात्र माझा विश्वास नाही. पाठीवर माणूस बसवून घेण्यात नैसर्गिक काय आहे? ‘कळपाचा म्होरक्या व्हा, घोड्यावर हुकमत गाजवा’ हा उपदेशही मी सोडून दिला. आपण दोन पायांचे आहोत हे घोड्याला चांगलं कळतं.

पहिले तीन दिवस

नवं घोडं आलं की तीन दिवस मी त्याच्याकडून काहीही करून घेत नाही. गवत, पाणी, शेण काढणं, बस्स. बाकी वेळ खुर्ची टाकून बघत बसतो. बायको म्हणते, लोक टीव्ही बघतात तसे तुम्ही घोडी बघता.

मागचा एक पाय सैल, खालचा ओठ लोंबतोय, कान बाजूला पडलेत: घोडं निवांत आहे. पुढचा एकच पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल तर मात्र खुरात दुखतंय असं समजा. कान जिकडे, लक्ष तिकडे. कान मानेला चिकटले, नाकपुड्या आवळल्या, डोळ्यावर सुरकुती आली, माश्या नसताना शेपूट फटाफट फिरतंय, तर ते तुम्हाला आधी सांगतंय. बहुतेक घोडी सांगितल्याशिवाय लाथ मारत नाहीत. ज्यांनी सांगितलं म्हणून मार खाल्ला, ती सांगणं सोडून देतात, आणि अशांना मीही जपून असतो. डोळ्याचं पांढरं दिसलं की घोडं खुनशी, असं काहीजण म्हणतात; ते काहींचं जन्मजातच दिसतं, त्यावरून काही ठरवू नका.

रात्रीही एकदा बघा, आडवं होतंय का. घोडं उभ्यानं डुलकी काढतं हे खरं, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ का होईना आडवं व्हावंच लागतं. अगाडी-पिछाडी ताणून बांधलेली घोडी धड आडवी होऊ शकत नाही. महिनाभर झोप न झालेलं माणूस कसं वागेल?

आणि पोट. मोकळं घोडं दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत असतं. जठरात आम्ल सतत पाझरत राहतं, चारा असो वा नसो. दोन वेळा पाटीभर हरभरा आणि मधले दहा तास रिकामी गव्हाण म्हणजे चावरी घोडी घरी तयार करण्याची कृती. आधी गवत, मग चंदी, आणि काम नसलेल्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी. नुसतं एवढं केलं तरी दहातली दोन-तीन घोडी सुधारून परत जातात आणि मालकाला वाटतं, मी मंत्र घातला.

आपल्याकडे घोडं घेताना लोक अंगावरच्या केसांचे भोवरे मोजतात, देवमण नावाचा शुभ भोवरा शोधतात, पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंड पांढरं, म्हटलं की दाम चढतो. तोंड उघडतात ते वय बघायला. पण घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि दाढांच्या कडांना धार येते. वरच्या दाढा गालाला कापतात, खालच्या जिभेला. लगाम ओढला की डोकं आकाशात फेकणारं घोडं निम्म्या वेळा दाढांमुळे फेकतं. पशुवैद्याकडून दाढा घासून घ्या. पाठीवर, कण्याच्या दोन्ही अंगांना, बोटांनी दाबत मागे जा. कुठे अंग आकसलं, तर खोगीर तिथे लागतंय. चारी खुरांना हात लावा, एखादा जास्त गरम आहे का? जबड्याच्या खालच्या कडेला नाडी लागते, ती मोजा. शांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला साधारण २८ ते ४४ असते. आराम करताना पन्नाशीच्या वर जात असेल तर शिकवणं बंद, डॉक्टरला फोन.

शांत घोडं एक-दोन दिवसांत एकाएकी बदललं, लाळ गळतेय, गिळता येत नाही, मागचे पाय लटपटतात, असं दिसलं तर तोंडात हात घालू नका. पिसाळलेलं कुत्रं चावलेलं असू शकतं. अशा वेळी लांब राहा, पशुवैद्याला बोलवा. धनुर्वाताची लस घोड्यालाही द्या आणि स्वतःही घ्या.

त्याच्या डोळ्यानं बघा

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन अंगांना असतात, म्हणून त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोन: बरोबर शेपटीमागे, आणि कपाळाच्या अगदी पुढे. आपण नेमके तिथेच जातो. मागून येऊन थाप मारतो, नाहीतर समोर येऊन कपाळावर हात ठेवतो. खांद्याच्या दिशेनं, तिरकस या, बोलत या. तांबडा आणि हिरवा रंग घोड्याला आपल्यासारखा वेगळा दिसत नाही. निळा आणि पिवळा दिसतो. हिरव्या गवतात पडलेल्या निळ्या पिशवीला घोडी बुजते तेव्हा तिला मूर्ख म्हणण्यात अर्थ नाही. डाव्या अंगानं बघून शांत झालेली घोडी परत येताना त्याच पिशवीला उजव्या अंगानं बिचकते, म्हणून प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी दाखवा.

आणि ते तुम्हाला वाचतं. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंगस्ट या अभ्यासकानं दाखवलं की हान्सला गणित येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं अंग नकळत सैलावायचं, ते बघून तो थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स नापास. तेव्हा श्वास रोखून, दात आवळून ‘काही नाही गं, काही नाही’ म्हणत घोडीजवळ जाण्यात काही हशील नाही.

दोराचं काम

साधी म्होरकी, बारा फूट जाड सुती दोर. दोर हाताला कधीही गुंडाळू नका. माझ्या डाव्या हाताची करंगळी सरळ होत नाही ती त्यामुळेच. पायात चपला नकोत, बूट घाला.

पहिला धडा: एक पाऊल मागे. डाव्या खांद्याशी उभे राहा, दोर हनुवटीजवळ दोन बोटांत धरा आणि घोड्याच्या छातीच्या दिशेनं हलका ताण द्या. आता थांबा. इथेच सगळे चुकतात, कारण काही घडत नाही म्हणून ते ओढू लागतात. ताण तेवढाच ठेवा. घोडं डोकं वर करेल, बाजूला वळेल, पुढे ढकलेल; ताण ना वाढवा ना सोडा. मग कधीतरी त्याचं वजन मागे जाईल. पाऊल नाही, नुसतं वजन. त्याच क्षणी दोर सैल सोडा. दहा अंक मोजा, मग पुन्हा. चार-पाच वेळा झालं की दिवस संपला. तिसऱ्या दिवशी दोन बोटांत दोर धरताच घोडं पाऊल मागे टाकतं आणि मालकाचा त्यावर विश्वास बसत नाही.

सोडताना जीभ फिरवली, तोंड चघळल्यासारखं केलं, की काहीजण म्हणतात घोड्यानं ‘मान्य केलं’. माझ्या मते भीती उतरली की त्याचं सुकलेलं तोंड ओलं होतं, बाकी काही नाही. पण ते दिसलं की मी थांबतो, त्याला तेवढा वेळ देतो.

दुसरा धडा मागच्या पायांचा. तोंड थोडं आपल्याकडे वळवा, त्याच्या पुठ्ठ्याकडे बघा, मोकळा हात तिकडे करा. जवळचा मागचा पाय पोटाखालून दुसऱ्या पायाच्या पुढून पार झाला की लगेच सगळं सैल सोडा. घोड्याचा सगळा जोर मागच्या पायांत असतो. ते एकमेकांना पार करत असताना त्याला उधळताही येत नाही आणि नीट दुगाणीही झाडता येत नाही. दोन्ही बाजूंनी हे लोण्यासारखं होईपर्यंत मी पाठीवर बसत नाही.

गोल रिंगणात घोडं पळवत ठेवायचं, ते ‘शरण’ येईपर्यंत, असा एक प्रकार व्हिडिओत फार दिसतो. एप्रिलच्या उन्हात तसं करू नका. आणि ते आपल्याकडे वळलं हे दमल्यामुळे की कळल्यामुळे, हे ओळखणं नवख्याला जमत नाही.

चंद्रीचे कान

चंद्री मी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. विकणाऱ्यानं माझ्यासमोर लगाम चढवून दाखवला, पण इतक्या चपळाईनं की मला शंका यायला हवी होती. घरी आल्यावर कळलं, कानाला हात लागू देत नाही. लगाम चढवायला तीन माणसं लागायची, आणि तिसऱ्याचं काम कान पिळून धरणं. कान पिळल्यावर घोडं उभं राहतं खरं, वेदनेनं. त्या उभं राहण्याची किंमत पुढच्या मालकाकडून वसूल होते.

रीत सांगतो. हात मानेवर ठेवायचा आणि आयाळीतून कानाकडे सरकवायचा. ती जिथे ताठते, त्याच्या चार बोटं अलीकडे थांबायचं आणि ती काही करायच्या आत हात मागे घ्यायचा. पहिल्या दिवशी मी अर्ध्या मानेपर्यंतच पोचलो. चुकून पुढे गेलो आणि तिनं डोकं वर फेकलं, तर हात काढायचा नाही. तो मानेवर तिच्याबरोबर जाऊ द्यायचा आणि डोकं बोटभर जरी खाली आलं की काढायचा. हा फरक बारीक आहे, पण सगळी विद्या त्यात आहे. हाताची पाठ वापरा. मूठ वळू शकणारा तळवा तिच्या ओळखीचा असतो.

अकराव्या दिवशी पाहुणे आले. ‘बघा, आता कान धरू देते’ म्हणून मी कान धरला. पुढचे पाच दिवस त्याची भरपाई करण्यात गेले. एकोणिसाव्या दिवशी लगाम चढला, तोही गालाकडची पट्टी सोडून, म्हणजे कानावरून काही ओढावं लागत नाही. पट्टी सोडायला अर्धं मिनिट लागतं. ते अर्धं मिनिट कोणाला नको असतं.

लगामाच्या लोखंडाला काटे असतील तर आधी तो फेकून द्या. १९६५ च्या केंद्राच्या नियमांत काटेरी लगामाला बंदी आहे, तरी बाजारात मिळतो.

बसलं की पळणारी

घाटातली घोडी रिकिबीत पाय पडला की सुटते. तिचा दोष काय? तिला वर्षभर हेच शिकवलंय की माणूस बसला म्हणजे पळायचं. मी तिला नवं शिकवतो: माणूस बसला म्हणजे काहीच नाही. पाय रिकिबीत, परत खाली. वजन टाकलं, परत खाली. हलली की एका बाजूनं तोंड वळवून मागचे पाय पार करायला लावायचे, थांबली की खाली उतरायचं. दिवसातून तीसेक वेळा बसायचं आणि कुठेही न जाता उतरायचं. गुडघे दुखतात, पण आठवड्यात घोडी बसल्यावर सुस्कारा टाकते.

एका बाजूचा लगाम हळूहळू ओढून तोंड वळवणं हाच पाठीवरचा ब्रेकही आहे. तो आधी चालताना, मग दुडकीत पक्का करा. भरधाव घोड्याचं तोंड झटक्यात वळवू नका, घोडं तुमच्यासकट पडेल. मोठं वर्तुळ करत जा.

मालक विचारतात, मग घाटात पळेल ना? पळेल. घाट, भंडारा, भिर्रर्रची आरोळी, हे सगळं तिला वेगळं कळतं. घोडं जागा धरून शिकतं, म्हणून तुमच्या अंगणात शिकलेली गोष्ट रस्त्यावर पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागते.

चावण्याबद्दल थोडक्यात: हातानं गूळ देणं बंद करा, घमेल्यात द्या. थोबाडीत मारू नका, घोडं चुकवून चावायला शिकतं. दोन पायांवर उभं राहणारं घोडं एकट्यानं सुधारायला जाऊ नका. आधी दात आणि पाठ तपासा, मग ज्यानं अशी घोडी हाताळलीत अशा माणसाला बोलवा.

फटाक्यांना ‘सवयीची’ करून द्या, अशी मागणी दर हंगामात येते. ताशाला करून देतो. मोबाईलवर बारीक आवाज, घोडी गवत खात असताना. खाणं थांबलं की आवाज जास्त झाला, कमी करायचा. असं आठवडेच्या आठवडे. पण पायाखाली लड लावणाऱ्यांसाठी मी घोडी तयार करत नाही. तिथे घोडी गप्प उभी राहते ती शिकली म्हणून नाही, आतून मिटली म्हणून, आणि मिटलेलं घोडं एक दिवस लहान पोरांच्या गर्दीत उघडतं.

टेंपो

टेंपोत न चढणारी घोडी ही माझी सगळ्यात मोठी गिऱ्हाईकी. लोक निघायच्या दिवशी सकाळी शिकवायला जातात. मीही एकदा गेलो होतो. उशीर झालेला, मागून कंबरेला दोर लावून ढकलली, तिनं डोकं वर फेकलं आणि वरच्या पाइपवर आपटलं. त्या घोडीला पुढे दीड महिना नुसता टेंपो दिसला तरी घाम फुटायचा.

टेंपो बांधाला लावा, म्हणजे चढ राहणार नाही. फळीवर पोतं किंवा भुसा टाका, टापेचा पोकळ आवाज कमी होतो. आधी टेंपोच्या चार हात अलीकडे उभं राहणं, तिथे सैल सोडणं. मग एक टाप फळीवर, आणि ती स्वतःहून मागे घ्यायच्या आत तुम्हीच तिला मागे घ्या. मग दोन टापा. आत ओढू नका. ती मागे ओढेल तेव्हा ताण तेवढाच ठेवा, कणभर पुढे आली की सोडा. पहिल्या दिवशी पूर्ण चढली तरी लगेच दार लावू नका. मालक आनंदानं दार लावतात आणि दुसऱ्या दिवशी मला फोन येतो.

मागच्या पौषात एकाची घोडी चार दिवसांत शिकवून दिली. संध्याकाळी फोन, ‘चढली झकास. पण आता उतरत नाही.’ मी म्हटलं, ‘पहिला धडा काय दाखवला होता? दोन बोटं, छातीकडे ताण, वजन मागे गेलं की सोडा.’ तो म्हणाला, ‘ते कुठे केलं, ते तर सोपं होतं.’ मग फोन कानाला लावून त्याला दोन बोटं धरायला लावली. पाऊण तास लागला. आठ पावलं होती.